तुमच्या बिल्डिंगच्या कॉलममधली रिंग आली कुठून? फ्रान्स्वा हेनेबिक या गवंड्याची गोष्ट

मोशी, चिखली, रावेत, पुनावळे किंवा नाशिक हायवेनं चाकणकडे जाताना आजूबाजूला बघा. सात-आठ मजल्यांची एखादी तरी बिल्डिंग अर्धवट उभी असतेच. खाली पार्किंग, वर एकावर एक स्लॅब आणि सगळ्यात वर आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सळया. नीट पाहिलं तर त्या उभ्या सळयांना थोड्या थोड्या अंतरावर चौकोनी कड्या बांधलेल्या दिसतात. साइटवर त्यांना रिंगा म्हणतात.

फ्लॅट बुक करताना आपण टाइल्स कुठल्या, नळ कुठल्या कंपनीचे, लिफ्ट किती, हे सगळं विचारतो. रिंगांबद्दल कुणी विचारत नाही. पण उद्या भूकंप झाला तर बिल्डिंग उभी राहणार की बसणार, हे ठरवण्यात या रिंगांचा वाटा फार मोठा असतो.

कॉलम, बीम आणि स्लॅब यांचा एकसंध सांगाडा काँक्रीटमध्ये ओतायचा, आत योग्य जागी सळया घालायच्या आणि त्या सळयांना रिंगांनी बांधून ठेवायचं. आज आपल्याला ही पद्धत इतकी सवयीची झालीय की ती कुणी तरी शोधली असेल, असं वाटतही नाही. ती पूर्णपणे एकाच माणसानं शोधली असंही नाही. पण तिला पक्कं रूप देऊन जगभर पोचवणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव आहे फ्रान्स्वा हेनेबिक.

कॉलेज नाही, छिन्नी-हातोडा

हेनेबिकचा जन्म एप्रिल १८४२ चा. फ्रान्सच्या उत्तरेला, आरास शहराजवळच्या नव्हिल-सँ-व्हास्ट या छोट्या गावातला. त्या काळात फ्रान्समध्ये इंजिनिअर व्हायचं तर मोठमोठ्या सरकारी विद्यालयांतून शिकून यावं लागायचं. हेनेबिक त्या वाटेला गेलाच नाही. तो दगडाच्या कामावर उमेदवारी करत गवंडी झाला.

तरुणपणी त्याला जुन्या चर्चच्या दुरुस्तीची कामं मिळाली. शेकडो वर्षं उभ्या असलेल्या दगडी कमानी कुठून वजन घेतात आणि कुठून तडकतात, हे तो तिथं हातानं शिकला. १८६७ मध्ये, म्हणजे पंचविशीत, त्यानं स्वतःची कंत्राटदारी सुरू केली. त्याची बरीच कामं शेजारच्या बेल्जियममध्ये होती. पुढची पंचवीस वर्षं तो साध्या कंत्राटदाराचं आयुष्य जगला. घरं बांधली, दुरुस्त्या केल्या, मजूर सांभाळले, बिलं वसूल केली.

या पंचवीस वर्षांच्या मधोमध एक काम आलं आणि त्याच्या डोक्यात एक किडा घुसला.

आगीची भीती

त्या काळातली घरं कशी असायची? भिंती विटांच्या किंवा दगडाच्या, आणि मजले लाकडी तुळयांवर. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखंच. एकदा आग लागली की तुळया जळायच्या आणि मजलाच खाली यायचा.

मग लोकांनी लाकडाऐवजी लोखंड वापरायला सुरुवात केली. मुंबईतलं १८६० च्या दशकातलं वॉटसन हॉटेल याचंच उदाहरण. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजानं आणला होता. लोखंड जळत नाही हे खरं, पण ते तापलं की मऊ पडतं. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्यावर येते. मोठ्या आगीत एवढं तापमान सहज होतं. म्हणजे न जळणारी इमारतही वाकून कोसळायचीच.

१८७९ मध्ये बेल्जियममधल्या एका बंगल्याच्या मालकाला आगीला न घाबरणारं घर हवं होतं. हेनेबिकनं लोखंडी तुळया काँक्रीटमध्ये गुंडाळून टाकायचं ठरवलं. काँक्रीट उष्णता हळूहळू आत जाऊ देतं, त्यामुळे आतलं लोखंड बराच वेळ थंड राहतं. काम झालं. पण खर्च जास्त आला. लोखंडी तुळईच सगळं वजन पेलत होती आणि काँक्रीट नुसतं रजईसारखं बसून होतं.

हेनेबिकच्या मनात आलं की या दोघांना कामं वाटून का देऊ नयेत?

कामाची वाटणी

एक लांब खोडरबर दोन बोटांवर आडवं ठेवा आणि मधोमध दाबा. वरचा भाग दबतो, खालचा भाग ताणला जातो. बीममध्येही हेच होतं.

काँक्रीट दाब घेण्यात पैलवान आहे. ताण घेण्यात मात्र अगदीच कच्चं. जेवढा दाब ते सोसतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा ताण आला की ते तडकतं. लोखंड दोन्ही सोसतं, पण महाग पडतं. म्हणजे हिशेब सोपा झाला. वरच्या बाजूचा दाब काँक्रीटनं घ्यायचा आणि खालच्या बाजूचा ताण लोखंडानं. अख्खी तुळई घालायची गरजच नाही, खाली चार सळया पुरतात.

हा विचार फक्त हेनेबिकच्याच डोक्यात आला होता असं नाही. जोसेफ लाँबो या फ्रेंच माणसानं १८४८ मध्येच लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपून होडी बनवली होती. जोसेफ मोनिए या माळ्यानं १८६७ मध्ये झाडांच्या कुंड्यांसाठी अशाच जाळीचं पेटंट घेतलं. अमेरिकेत, जर्मनीतही प्रयोग चालू होते. निसर्गानंही मदत केली होती. लोखंड आणि काँक्रीट उन्हात जवळपास सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे एकमेकांपासून सुटत नाहीत. शिवाय काँक्रीट अल्कधर्मी असल्यानं आतली सळई गंजण्यापासून वाचते.

मग हेनेबिकनं वेगळं काय केलं?

इथं येते रिंग

बीम नेहमी मधोमधच तुटतो असं नाही. कॉलमच्या जवळ, टेकूपाशी, त्याला तिरप्या भेगा पडतात आणि तो कात्रीनं कापल्यासारखा सुटतो. खाली कितीही सळया घातल्या तरी त्या एकट्या ही भेग थांबवू शकत नाहीत.

हेनेबिकनं दोन गोष्टी केल्या. काही सळया टेकूजवळ वर वाकवल्या. आणि खालच्या सळयांभोवती पातळ लोखंडी पट्ट्यांचे यू आकाराचे उभे पट्टे अडकवून ते वरच्या काँक्रीटपर्यंत नेले. घोड्याच्या रिकिबीसारखा आकार, म्हणून फ्रेंचमध्ये त्याला रिकिबीचंच नाव पडलं. आपल्याकडची रिंग ही त्याचीच पुढची पिढी. कॉलममध्येही उभ्या सळयांना ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्यांनी बांधायची पद्धत त्यानं वापरली.

हे का चालतं, याचं गणित हेनेबिककडे नीट नव्हतं. त्याचे हिशेब अनुभवावर आणि अंदाजावर होते, आणि त्यातल्या चुका शिकलेल्या इंजिनिअरांनी दाखवूनही दिल्या. १८९९ मध्ये झुरिकचे प्राध्यापक विल्हेल्म रिटर यांनी खरं कारण मांडलं. रेल्वेच्या लोखंडी पुलात त्रिकोण त्रिकोण असतात ना, तसाच एक न दिसणारा पूल बीमच्या आत तयार होतो. तिरपं काँक्रीट दाब घेतं, खालची सळई ताण घेते आणि रिंगा वर-खाली ताणल्या जाऊन दोघांना जोडून ठेवतात. रिंग काढली की पुलाचे उभे दांडेच काढल्यासारखं होतं. रिटर आणि पुढे जर्मनीचे एमिल मोर्श यांच्या या विचारावरच आजही जगभरचे इंजिनिअर रिंगांचा हिशेब करतात.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे एकसंधपणा. हेनेबिकच्या पद्धतीत कॉलम, बीम, स्लॅब असे सुटे तुकडे एकमेकांवर ठेवलेले नसतात. सगळं एकमेकांत ओतलेलं. स्लॅबसुद्धा बीमचाच वरचा भाग बनून दाब घेतो, म्हणून कमी मालात जास्त वजन पेललं जातं.

पन्नाशीत नवा धंदा

१८७९ ते १८९२. तब्बल तेरा वर्षं हेनेबिक हे सगळं करून पाहत होता. १८९२ मध्ये त्यानं बेल्जियम आणि फ्रान्समध्ये पेटंट घेतलं. तेव्हा त्याचं वय होतं ५०. त्या वयात त्यानं चालू कंत्राटदारी बंद केली आणि पॅरिसला ऑफिस थाटलं.

त्याचं धंद्याचं डोकं इथं दिसतं. स्वतः बांधकाम करायचंच नाही. वेगवेगळ्या शहरांतल्या कंत्राटदारांना आपली पद्धत वापरायचा परवाना द्यायचा. डिझाइन आणि ड्रॉइंग हेनेबिकच्या ऑफिसात होणार, बांधकाम परवानाधारक करणार आणि हेनेबिकला त्याचा हिस्सा मिळणार. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्रँचायझी.

यामागं एक व्यवहारी कारणही होतं. काँक्रीटचं काम एकदा ओतलं की आत काय आहे ते दिसत नाही. सळई कमी घातली, रिंगा लांब लांब बांधल्या, तरी वरून सगळं सारखंच. त्यामुळे कुणीही ऐऱ्यागैऱ्यानं ही पद्धत वापरली आणि इमारत पडली, तर बदनामी पद्धतीची होणार. म्हणून डिझाइन आपल्या हातात ठेवायचं आणि कामाला निवडक माणसं घ्यायची.

जाहिरातीतही तो मागं नव्हता. आगीत होणारा विध्वंस संपला, हा त्याच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा. परवानाधारकांची दरवर्षी परिषद भरायची, जेवणावळी व्हायच्या. १८९८ मध्ये त्यानं काँक्रीटला वाहिलेलं एक मासिकच काढलं आणि त्यात झालेल्या कामांचे फोटो छापायला सुरुवात केली. १८९२ ते १९०२ या दहा वर्षांत त्याच्या पद्धतीनं ७ हजारांहून जास्त बांधकामं झाली. इमारती, पूल, पाण्याच्या टाक्या, धान्याची कोठारं, सगळं.

भिंतीची सुट्टी

१८९५ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या तुर्क्वां इथं त्याच्या पद्धतीनं एक सूतगिरणी उभी राहिली. ती पाहून लोक चकित झाले, कारण तिच्या बाहेरच्या बाजूला जवळपास सगळ्या खिडक्याच होत्या. इमारतीचं वजन कॉलम पेलत असतील, तर भिंतीला काही कामच उरत नाही. मग भिंतीच्या जागी काच लावा आणि कामगाराला उजेड द्या.

आपल्या फ्लॅटची मोठी स्लायडिंग खिडकी, भिंती जाड न करता चढणारे सात-आठ मजले, तळमजल्यावर भिंती काढून केलेलं पार्किंग, हे सगळं याच एका बदलामुळं शक्य झालं. भिंत नुसती पडद्यासारखी उरली. म्हणूनच ती हलकी करता येते. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये आक्सेल एरिकसन यांनी पोकळ बुडबुड्यांचं हलकं काँक्रीट शोधलं आणि पुण्यात बी. जी. शिर्के यांनी स्वीडिश तंत्रज्ञानावर १९७० च्या दशकात ‘सिपोरेक्स’ ब्लॉक आणले. आज पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक नव्या साइटवर दिसणारे पांढरट एएसी ब्लॉक त्याच जातीचे. लाल विटेच्या तुलनेत त्यांचं वजन साधारण एक तृतीयांश, म्हणजे सांगाड्यावरचा भार तेवढा कमी.

पुढची वर्षं हेनेबिकच्या भरभराटीची होती. १८९७ मध्ये त्याचे प्रतिनिधी लुई मूशेल यांनी वेल्समधल्या स्वान्सी इथं बहुमजली पिठाची गिरणी बांधून ब्रिटनचं दार उघडलं. १८९९ मध्ये फ्रान्सच्या शातेलरो इथं तीन कमानींचा पूल झाला, त्याची मधली कमान ५० मीटरची. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या भर वस्तीत, रू दाँताँवर, त्याची स्वतःची इमारत उभी राहिली. तिथंच कंपनीचं ऑफिसही होतं. बाहेरून मात्र ती दगडी दिसेल अशी नक्षीकामानं सजवली होती. काँक्रीट तसंच उघडं दाखवायची हिंमत अजून कुणाची नव्हती.

बासेलची दुर्घटना

आणि मग १९०१ चा ऑगस्ट महिना उजाडला. स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात हेनेबिकच्या पद्धतीनं एका हॉटेलची इमारत बांधली जात होती. काम चालू असतानाच ती कोसळली. कामगार मेले.

चौकशीसाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि तिच्यात रिटर होते. जे रिंगांचं गणित समजावून सांगत होते, तेच आता पडलेल्या इमारतीचा ढिगारा तपासत होते. समितीला एक नव्हे, अनेक दोष सापडले. वाळू-खडीचा दर्जा खराब होता, काँक्रीटची तपासणी होत नव्हती, कॉलमच्या डिझाइनमध्ये आणि कामात निष्काळजीपणा होता.

इथं हेनेबिकच्या सगळ्या व्यवस्थेचीच परीक्षा झाली. त्याचा दावा होता की पद्धत आमची, माणसं आमची, म्हणून काम सुरक्षित. पण पॅरिसच्या ऑफिसातलं ड्रॉइंग कितीही चांगलं असलं, तरी शेकडो किलोमीटर लांबच्या साइटवर खडी धुतली की नाही, हे तिथून कसं दिसणार? आणि डिझाइन करणारा, परवाना देणारा आणि दर्जाची हमी देणारा एकच असेल, तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?

एक वर्ष आधी, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळीही काँक्रीटचा एक पादचारी पूल कोसळून माणसं गेली होती. तो हेनेबिकच्या पद्धतीचा नव्हता. पण दोन्ही घटनांमुळं सरकारं आणि इंजिनिअरांच्या संस्था जाग्या झाल्या. स्वित्झर्लंडमध्ये १९०३ मध्ये काँक्रीटच्या बांधकामाचे तात्पुरते नियम आले. फ्रान्सनं १९०६ मध्ये सरकारी परिपत्रक काढलं.

या नियमांचा एक परिणाम हेनेबिकला जड गेला. हिशेब कसा करायचा, माल कसा तपासायचा, हे आता सगळ्यांसाठी छापून आलं. जे ज्ञान एका कंपनीच्या कपाटात होतं, ते कुठल्याही इंजिनिअरच्या टेबलावर आलं. हेनेबिकची मक्तेदारी ओसरू लागली. त्याची पद्धत मात्र सगळ्यांची झाली.

शेवटची वर्षं

हेनेबिक थांबला नाही. पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन इथं त्यानं स्वतःसाठी बंगला बांधला. त्याला उंच मनोरा, मनोऱ्यात पाण्याची टाकी, हवेत पुढं आलेले सज्जे आणि गच्चीवर बाग. काँक्रीटनं काय काय करता येतं, याचं ते राहतं प्रदर्शनच होतं. १९११ मध्ये लिव्हरपूलची प्रसिद्ध रॉयल लिव्हर बिल्डिंग त्याच्या पद्धतीनं पूर्ण झाली. त्याच वर्षी रोममध्ये तिबर नदीवर १०० मीटरच्या एकाच कमानीचा पूल झाला.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१५ च्या लढाईत त्याचं जन्मगाव नव्हिल-सँ-व्हास्ट जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं. ज्या गावात तो वाढला होता, ते दगडविटांच्या ढिगाऱ्यात गेलं. ७ मार्च १९२१ रोजी पॅरिसमध्ये हेनेबिकचं निधन झालं. त्याची कंपनी पुढं १९६० च्या दशकापर्यंत चालली.

आपल्या बिल्डिंगचं काय?

हेनेबिकच्या गोष्टीतला बासेलचा प्रश्न आपल्याकडं आजही तसाच आहे. डिझाइन कागदावर चांगलं असतं, पण साइटवर काय होतं?

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादमध्ये पार्किंगवर उभ्या असलेल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसते कॉलम. सगळा हिसका त्या कॉलमांवर आला. बऱ्याच ठिकाणी रिंगा लांब लांब बांधलेल्या होत्या आणि त्यांची टोकं काटकोनात वाकवलेली होती. काँक्रीटचं वरचं आवरण निघालं की अशी रिंग उघडते आणि आतल्या सळया बाहेर फुगतात. १९६७ चा कोयना आणि १९९३ चा किल्लारी पाहिलेल्या महाराष्ट्राला भूकंप नवा नाही.

म्हणून भारतीय मानक आयएस १३९२० सांगतं की रिंगेचं टोक १३५ अंशांत, म्हणजे आतल्या काँक्रीटमध्ये घुसेल असं वाकवायचं आणि कॉलम-बीमच्या सांध्याजवळ रिंगा जवळजवळ बांधायच्या. आयएस ४५६ सांगतं की कॉलमच्या सळईवर निदान ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांच्या आत काढायचे नाहीत आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांच्या आत नाहीत. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस पाणी मारायचं.

आता अनेक साइटवर अॅल्युमिनियमच्या साच्यात, म्हणजे मायवान पद्धतीनं, भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. तिथं हेनेबिकनं सुट्टी दिलेली भिंत पुन्हा कामाला लागलीय. अशा फ्लॅटमध्ये इंटेरिअरसाठी भिंत फोडणं म्हणजे कॉलम फोडण्यासारखंच.

फ्लॅट घेताना स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव आणि काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे रिपोर्ट जरूर मागा. काम चालू असेल तर स्लॅब टाकण्याआधी एकदा साइटवर जा आणि वर उभ्या असलेल्या सळयांच्या रिंगा बघा. काँक्रीट ओतल्यावर त्या पुन्हा दिसत नाहीत.